घरच्या पूटीनमध्ये पनीर का चालत नाही

पूटीन घरी करायचं म्हटलं की आपल्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, चीज कर्ड्स (म्हणजे दही नव्हे, चेडर चीजचे ताजे, न दाबलेले तुकडे) नाही मिळाले तर पनीर चालेल का? दिसायला तर दोन्ही सारखंच, पांढरे तुकडे, दोन्ही दुधाचेच, मग हरकत काय आहे. तर नाही चालत, आणि का नाही चालत हे एकदा नीट कळलं ना की पूटीनची अर्धी रेसिपी आपोआप कळते, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

ज्यांनी खाल्लं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॅनडातल्या क्युबेक प्रांतातला हा पदार्थ, खाली गरमागरम फ्राईज, त्यावर चेडरचे ताजे कर्ड्स आणि वरून कडकडीत ब्राऊन ग्रेव्ही, बस एवढंच. पहिल्यांदा कुणी केलं यावरून तिकडे अजून वाद आहे. वॉरविक गावचे लोक सांगतात की आमच्या फर्नांड लाशान्सकडे १९५७ मध्ये एका गिऱ्हाइकाने फ्राईजमध्ये चीज घालून मागितलं तिथून हे सुरू झालं, आणि ड्रमंडव्हिलचे लोक म्हणतात ग्रेव्हीसकट खरं पूटीन १९६४ मध्ये आमच्या जाँ-पॉल रॉयने विकलं. मला या वादात कोण जिंकतं यापेक्षा वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते, ती म्हणजे दोन्ही गावं एकाच दुधदुभत्याच्या पट्ट्यातली आहेत, जिथे आजचं चीज आजच मिळतं. या पदार्थात चीज ताजं असणं ही हौस नाहीये, त्याच्याशिवाय तो होतच नाही.

आता दुधाकडे येऊ. दुधात केसिन नावाचं प्रोटीन असतं, ते सुटं सुटं नसतं तर त्याचे अतिशय बारीक गोळे तरंगत असतात, त्यांना मायसेल म्हणतात. या गोळ्यांना आतून धरून ठेवायचं काम कॅल्शियम फॉस्फेट करतं. आणि बाहेरच्या बाजूला कापा-केसिन नावाच्या प्रोटीनची लव असते, तिच्यावर ऋण भार असतो, त्यामुळे गोळे एकमेकांना ढकलत राहतात आणि दूध दूधच राहतं, गोठत नाही.

हे दूध गोठवायचे दोन रस्ते आहेत आणि पनीर आणि कर्ड्सची वाट इथेच वेगळी होते. पनीरसाठी आपण दूध चांगलं तापवतो, ८०-९० डिग्रीच्या वर, मग लिंबू किंवा व्हिनेगर घालतो. ॲसिडमुळे गोळ्यांवरचा भार जातो आणि आतलं बरंचसं कॅल्शियम फॉस्फेट विरघळून पाण्याबरोबर निघून जातं, शिवाय एवढ्या उष्णतेने दुधातली व्हे प्रोटीन्सही (एरवी दूध फाटल्यावर पाण्याबरोबर निघून जाणारी) उलगडून केसिनला घट्ट चिकटतात. कर्ड्ससाठी मात्र दूध फक्त ३२ डिग्रीपर्यंत कोमट करतात आणि त्यात रेनेट घालतात, म्हणजे चीजसाठी दूध गोठवणारा पदार्थ. रेनेटमधलं कायमोसिन हे एन्झाइम काय करतं तर कापा-केसिनची साखळी एका ठरावीक जागी कापतं, बाकी कशाला जवळजवळ हात लावत नाही. लव गेली की गोळे एकमेकांना चिकटायला लागतात, पण कॅल्शियम आतच राहतं.

म्हणून गरम केल्यावर दोघांचं वागणं इतकं वेगळं. कर्डमधलं फॅट ३२ डिग्रीच्या आसपास वितळतं, पुढे ६५ च्या जवळपास केसिनचे आपसातले बंध सैल पडायला लागतात आणि चीज मऊ होऊन वाहायला लागतं. पनीरमध्ये तापवल्यावर आधी पाणी सुटतं, प्रोटीन्स एकमेकांना सोडायच्या ऐवजी आणखीनच आवळून बसतात, म्हणून तर पालक पनीरमध्ये तुकडे कितीही शिजवले तरी वितळत नाहीत, आणि भाजीत ते आपल्याला हवंच असतं. पण पूटीनमध्ये ग्रेव्ही पडल्यावर तुकडा बाहेरून विरघळायला आलेला आणि आतून घट्ट, असा पाहिजे. पनीर ती अर्धी अवस्था देऊच शकत नाही.

आता त्या आवाजाबद्दल, कारण क्युबेकमध्ये ताज्या कर्डची परीक्षा आवाजावरूनच करतात. एक तुकडा नुसता तोंडात टाकून चावला की दाताखाली चक्क कुईकुई वाजतो, नवीन रबरी चपला ओल्या फरशीवर वाजतात ना अगदी तसा. कॅल्शियमने बांधलेली केसिनची जाळी अजून अखंड असते, ती दाताला अडते, सुटते, परत अडते, त्या थरथरीचा आवाज आपल्याला ऐकू येतो. पण कर्डमधले बॅक्टेरिया काही काम थांबवत नाहीत, ते लॅक्टिक ॲसिड बनवत राहतात, त्याने कॅल्शियमचे सांधे विरघळतात, आणि उरलेलं रेनेटसुद्धा प्रोटीन हळूहळू तोडत राहतं, त्यामुळे एक-दोन दिवसात आवाज जातो, आणि फ्रीजच्या थंडीतही तुकडे गप्प होतात. म्हणूनच तिकडे त्या दिवसाचे कर्ड्स फ्रीजमध्ये न ठेवता पहिले २४ तास बाहेरच ठेवून विकायला परवानगी आहे आणि लोक ते दुकानातून घेऊन गाडीत बसूनच संपवतात. मला हा नियम फार आवडतो, सरकारी नियमात एखाद्या पदार्थाचा पोत इतका जपलेला क्वचितच दिसतो.

सायप्रसचं हलुमी चीजही असंच वाजतं पण ते वितळत नाही, कारण त्यात ॲसिड कमी असल्यामुळे कॅल्शियम जरा जास्तच शिल्लक असतं. म्हणजे वाजायला कॅल्शियम पाहिजे आणि वितळायला त्यातलं थोडं गेलेलं पाहिजे, ताजा कर्ड बरोबर या दोन्हीच्या मधे उभा आहे, साधारण ५.३-५.४ पीएचला (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट).

कर्ड्स घरी करता येतात, दिवसभर स्वयंपाकघरात राहायची तयारी ठेवा. दूध फुल फॅट आणि साधं पाश्चराइज्ड घ्या, महिनोन्‌महिने टिकणारं टेट्रापॅकचं अजिबात नको, कारण ते इतकं तापवलेलं असतं की व्हे प्रोटीन आधीच कापा-केसिनवर जाऊन बसलेलं असतं आणि रेनेटला कापायला नीट जागाच मिळत नाही, दूध गोठतच नाही धड. ४ लिटर दुधाचे साधारण ४०० ग्रॅम कर्ड्स होतात. ३२ डिग्रीला मेसोफिलिक कल्चर, म्हणजे कोमट उबेत वाढणाऱ्या बॅक्टेरियांचं विरजण घालायचं (योगर्टचं नको, त्याला ४० च्या वरची ऊब लागते), तासाभराने थोडं कॅल्शियम क्लोराइड पाण्यात मिसळून, मग रेनेट. पाऊण तासाने सुरी घालून उचललं की स्वच्छ चीर पडली पाहिजे. मग सेंटिमीटरभर तुकडे कापून, हळूहळू ढवळत अर्ध्या तासात ३८-३९ डिग्रीपर्यंत न्यायचं आणि पाणी गाळून टाकायचं. पुढची पायरी म्हणजे चेडरिंग, तुकडे एकमेकांना चिकटून लादी होते, तिचे दोन भाग करून एकावर एक ठेवायचे आणि दर पंधरा मिनिटांनी उलटायचे, दीड-दोन तास. हे करताना हाताखाली फरक कळतो, आधी लादी फुसफुशीत असते आणि शेवटी फाडली तर शिजवलेल्या चिकनसारखे धागे निघतात. मग बोटभर तुकडे करून मीठ लावायचं, वजनाच्या सुमारे २ टक्के, मिठाने बॅक्टेरियांचा वेग मंदावतो.

शाकाहारी लोकांनी रेनेटचं लेबल बघून घ्या. पारंपरिक रेनेट वासराच्या पोटातून काढतात, पण मायक्रोबियल रेनेट सहज मिळतं, आणि १९९० पासून तर सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतलेलं कायमोसिन अमेरिकेत मान्य आहे, आज बरंचसं चीज त्याच्यावरच होतं.

इतकं करायचं नसेल तर लो-मॉइश्चर (कमी पाणी असलेल्या) मोझरेलाची वडी आणून हाताने दोन सेंटिमीटरचे तुकडे तोडा. आवाज येणार नाही, तार जास्त येईल, पण पनीरपेक्षा कितीतरी जवळचं. किसलेलं चीज मात्र नको, क्षणात वितळून ग्रेव्हीत नाहीसं होतं.

फ्राईजसाठी स्टार्च जास्त आणि साखर कमी असलेला बटाटा लागतो. कॅनडात रसेट मिळतो, भारतात असाल तर कुफरी चिप्सोना शोधा, शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने अशाच कामासाठी काढलेली जात आहे. बटाटे फ्रीजमध्ये ठेवू नका, थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते, मग तळताना बाहेरून पटकन काळपट होतात आणि आत कच्चे राहतात, शिवाय ॲक्रिलामाइड हे तळताना होणारं, तब्येतीला वाईट समजलं जाणारं रसायनही जास्त तयार होतं. सेंटिमीटरभर जाड कापून धुवा, पुसून कोरडे करा आणि दोनदा तळा. आधी १६० डिग्रीला पाच-सहा मिनिटं, रंग येऊ न देता, यात आतला स्टार्च शिजतो. मग पूर्ण गार होऊ द्या आणि १९० ला दोन-तीन मिनिटं, यात बाहेरचं पाणी उडून कडक कवच तयार होतं. तळताना बटाट्यातून वाफ बाहेर पडत असते तोवर तेल फारसं आत शिरत नाही, ते शिरतं कढईतून काढल्यावर, आतली वाफ थंड होऊन पाणी झालं की जी पोकळी होते ती पृष्ठभागावरचं तेल ओढून घेते. म्हणून काढल्या काढल्या झारा जोरात झटकायचा, निवांत निथळत ठेवून उपयोग नाही.

ग्रेव्हीबद्दल फार बोलत नाही. ३ चमचे बटरमध्ये तेवढाच मैदा बदामी होईपर्यंत परता, अर्धा लिटर स्टॉक घाला (तिकडे चिकन आणि बीफचा मिसळून घालतात, शाकाहारी करायचं तर सुक्या शिटाके मशरूमचं पाणी आणि सोया सॉस, दोघांतले घटक मिळून चव दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त खोल लागते), भरपूर मिरपूड. मैदा जितका जास्त भाजाल तितकी त्याची दाटपणा द्यायची ताकद कमी होते, म्हणून शेवटी चमचाभर कॉर्नस्टार्च थंड पाण्यात कालवून घाला आणि एक उकळी येऊ द्या, कॉर्नस्टार्च ९५ डिग्रीच्या आसपास पूर्ण फुलतं. व्हिनेगरचा चमचा गॅस बंद करताना, आधी घालून उकळत ठेवलंत तर ॲसिड स्टार्च तोडतं आणि ग्रेव्ही परत पातळ होते.

लावताना कर्ड्स खोलीच्या तापमानाला आलेले हवेत. फ्रीजमधले ४ डिग्रीचे तुकडे टाकले की ग्रेव्हीची सगळी उष्णता त्यांना गरम करण्यातच जाते, चीज मऊ होत नाही आणि फ्राईजही गार. गरम वाडगा, निम्म्या फ्राईज, निम्मे कर्ड्स, परत तसंच, आणि वरून अक्षरशः उकळती ग्रेव्ही, चमच्याच्या पाठीवर थर बसेल एवढीच दाट. मग थांबायचं नाही, पाचेक मिनिटांत कवच ओलं व्हायला लागतं, फोटो नंतर काढा.

कर्ड्स उरले आणि फ्रीजमध्ये ठेवले तर दुसऱ्या दिवशी ते गप्प असतील, ते थोडेच मायक्रोवेव्हमध्ये पाच-दहा सेकंद फिरवा, वितळेपर्यंत नाही, नुसते कोमट. प्रोटीनची जाळी परत जराशी ताठ होते आणि आवाज बऱ्यापैकी परत येतो, पण असे कर्ड्स लगेच खावे लागतात, गार झाले की पुन्हा गप्प.