नौपाड्यात विंग चुनचा वर्ग: नाव नोंदवण्याआधी वाचा

येत्या महिन्यापासून नौपाड्यातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही कुंग फूची विंग चुन ही शैली शिकवायला सुरुवात करतो आहोत. चौकशीला येणारे बहुतेक जण तेच ते विचारतात, म्हणून हे पत्रक छापलं.

'शाओलिनवालं का?' नाही. शाओलिन मठ चीनच्या उत्तरेकडे, हनान प्रांतात. आमची विंग चुन दक्षिणेची, ग्वांगडाँगमधली. एका भिक्षुणीने ती यिम विंग चुन नावाच्या मुलीला शिकवली, असं सांगतात. वर्गात आम्हीही ते सांगू, पण दंतकथा म्हणूनच. पुढची परंपरा फोशानचे वैद्य लिउंग जान, त्यांचे शिष्य चान वा-शुन आणि या चान वा-शुन यांच्याकडे लहानपणी शिकलेले इप मान अशी येते. चीनमधल्या सत्तापालटाच्या वेळी इप मान हाँगकाँगला गेले आणि १९५० मध्ये हॉटेल कामगारांच्या संघटनेच्या जागेत शिकवू लागले. ब्रूस ली शाळकरी वयात त्यांच्याकडे आला तो नंतर. सुरुवातीचे विद्यार्थी ड्युटी संपवून येणारे कामगार होते.

आमची वेळही नोकरदारांकडे बघूनच ठरवली आहे: सोमवार, बुधवार, शुक्रवार रात्री पावणेनऊ ते दहा. सातची बॅच ठेवा, असा आग्रह झाला. पण सीएसएमटीहून संध्याकाळची लोकल पकडणारा माणूस सातला नौपाड्यात कुठून पोचणार? मुलांचा वर्ग रविवारी सकाळी.

सुरुवातीचे काही आठवडे तुम्हाला कंटाळवाणे वाटतील, हे आधीच सांगून ठेवतो. पहिला क्रम, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, सिउ निम ताउ. त्यात एकही पाऊल पुढे टाकायचं नसतं. गुडघे किंचित वाकवून, पायांचे चवडे आत वळवून उभं राहायचं आणि फक्त हात चालवायचे: कोपर छातीच्या मध्यरेषेकडे, खांदे सैल, मनगट जिथल्या तिथे. खांदा आखडला की ठोसा दंडाच्या जोरावर जातो आणि लगेच थकवा येतो. कोपर मागून ढकलू लागलं की तोच ठोसा जमिनीवरून जोर घेतो. हे अंगात मुरायला वेळ लागतो. त्यानंतर चुम किउ या दुसऱ्या क्रमात वळणं आणि पावलं, आणि जोडीने ची साउ. ची साउमध्ये दोघांचे हात एकमेकांना चिकटलेले असतात आणि समोरच्याचा दाब कुठे वाढला, कुठे सुटला, हे डोळ्यांऐवजी कातडीने ओळखायचं असतं. खरी गंमत तिथे सुरू होते. पहिल्या क्रमाला सतरंजीएवढी जागा पुरते, त्यामुळे वन बीएचकेतही रोजचा सराव चुकवायला सबब उरत नाही.

ब्लॅक बेल्ट? आमच्याकडे नाही. रंगीत पट्ट्यांची पद्धत जपानी ज्यूदोतून आली, विंग चुनमध्ये मुळात ती नव्हती. पालकांनी आणखी एक ध्यानात घ्यावं: दहावी-बारावीचे क्रीडागुण मान्यताप्राप्त स्पर्धांतल्या कामगिरीवर मिळतात, आमच्या प्रमाणपत्रावर नाही. मुलाला स्पर्धाच खेळायची असेल तर वुशूकडे, म्हणजे चिनी युद्धकलांच्या स्पर्धात्मक खेळाकडे वळवा. १९९० पासून आशियाई क्रीडा स्पर्धांत तो आहे, आणि २०२३ च्या हांगझोऊ स्पर्धेत रोशिबिना देवीने सांडा या वुशूतल्या लढतीच्या प्रकारात भारताला रौप्य मिळवून दिलं.

स्वसंरक्षणाबद्दल मोठमोठी आश्वासनं देणारे फलक स्टेशनबाहेर पुष्कळ दिसतील. आम्ही एवढंच म्हणतो: अंगावर कोणी आलं तर गोठून न जाता हात वर यावेत आणि तिथून निघून जाता यावं. चाकूसमोर कुठलीही शैली खात्रीची नाही.

फी महिन्याची महिन्याला घेतो. वर्षाची आगाऊ फी घेत नाही. पहिले दोन वर्ग मोफत. गुडघ्याचं किंवा मणक्याचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारून या आणि शिक्षकांना आधी सांगा, उभं राहण्याची पद्धत बदलून देता येते. नखं कापलेली हवीत; अंगठी, कडं, घड्याळ घरी ठेवा. पावसाळ्यात हॉलच्या लाद्या निसरड्या होतात, म्हणून फक्त इथेच वापरायचे, रबरी तळाचे कोरडे बूट पिशवीत घेऊन या. नावनोंदणी वर्गाच्या वेळी हॉलवरच होईल.