जुनिपर घरात आणू नका!

दर फेब्रुवारीत कुणीतरी आमच्या बोन्सायच्या दुकानात पिशवीत गुंडाळलेला जुनिपर, म्हणजे छोट्या कुंडीतलं सदाहरित झाड, काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, "परवापर्यंत हिरवागार होता हो!" हिरवा असणारच. जुनिपर मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवा दिसतो. नखाने फांदीची साल खरवडली की कळतं : आत हिरवं नाही, तपकिरी आहे. झाड डिसेंबरातच गेलेलं असतं, तुमच्या हॉलमध्ये, घर उबदार ठेवणाऱ्या फर्नेसच्या कोरड्या हवेत.

टोरांटोच्या बर्फात झाड बाहेर ठेवायला जीव धजत नाही, हे आम्हाला कळतं. वड, उंबर, जेड यांना आत घ्याच. रात्री पारा १० अंशांखाली उतरू लागला की, म्हणजे साधारण नवरात्रात. दक्षिणेची खिडकी द्या, झालं. पण जुनिपर, पाइन, मेपल, लार्च ही थंड मुलखातली झाडं. त्यांना हिवाळ्याची झोप लागते, आणि ती उबेत लागत नाही. थंडीत जुनिपर तांबूस-जांभळट पडतो, त्यालाही घाबरू नका.

मग बाहेर टेबलावरच राहू द्यायचं? तेही नको. अंगणातला मेपल उणे २० सोसतो, कारण त्याची मुळं जमिनीच्या पोटात असतात. कुंडीत माती असते चार बोटं. उणे १० च्या आसपास मुळं दगावू लागतात. म्हणून ही थंडीची झाडं दिवाळीपर्यंत बाहेर ठेवा, दोन-चार वेळा दव गोठू द्या, मेपलची पानं गळू द्या. नोव्हेंबर सरताना हीटर नसलेल्या गॅरेजमध्ये, घराच्या भिंतीलगत जमिनीवर ठेवा. गॅरेज नसेल तर वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात कुंडी काठापर्यंत पुरा आणि वर लाकडाच्या सालीचा जाड थर द्या. खड्डा आधीच खणून ठेवा, डिसेंबरात कुदळ चालत नाही. वर बर्फ साचला तर झटकू नका, तीच गोधडी.

गॅरेजमधली बरीच झाडं थंडीने नाही, तहानेने मरतात. दर पंधरा दिवसांनी मातीत बोट घालून पाहा. माती गोठलेली असेल तर राहू द्या, मोकळी आणि कोरडी असेल तर पाणी द्या. मी कुंडीवर ओंजळभर बर्फ टाकतो, वितळेल तसा मुरतो. मात्र ड्राइव्हवेवरचा नको, त्यात मीठ असतं. आणि उंदरांसाठी एक सापळा लावा, ते बुंध्याची साल कुरतडतात.

डिसेंबर ते मार्च आम्ही जुनिपर विकत नाही, भेट द्यायला मागितला तरी. घरात ठेवून गेलेलं झाड बदलूनही देत नाही. काहींना हे कडक वाटतं, पण दुसरं दिलं तर तेही त्याच हॉलमध्ये जाणार.

कॉन्डोत राहणाऱ्यांची अडचण खरी आहे, बाल्कनीतला वारा फार वाईट. त्यांनी झाड आमच्या शेडमध्ये ठेवावं. तिथलं तापमान आम्ही शून्याच्या जरा वर राखतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून झाडं घेतो, एप्रिलअखेर परत देतो. कुंडी बदलायची वेळ झाली असेल तर तेही वसंतात, कळ्या फुगायच्या बेताला, इथेच उरकता येतं. जागा थोडी आहे, आधी फोन करा. कुंडीच्या तळाला नाव लिहून आणा; पानं गळल्यावर सगळे मेपल सारखेच दिसतात.