पोकळ नळीला बाक देताना

पपईच्या पानाचा पोकळ देठ दोन्ही टोकांना धरून हळूहळू वाकवला, तर आधी तो निमूटपणे वळतो, मग त्याचा मधला भाग चपटा होऊ लागतो आणि एका क्षणी, जोर वाढवलेला नसतानाही, एकाच ठिकाणी घडी पडून तो मोडतो. बाल्कनीचे रेलिंग, कुंड्यांचा स्टँड, वेलींचा मांडव किंवा एसीची तांब्याची नळी यांसाठी घरच्या घरी धातूची नळी वाकवणाऱ्याची सारी धडपड हा शेवटचा टप्पा टाळण्यासाठी असते. त्यासाठी बाजारात मिळणारी साधने दिसायला एकमेकांहून पुष्कळ वेगळी असली, तरी त्या सर्वांना एकच काम करायचे असते: नळीच्या भिंतीला पोकळीत घसरू द्यायचे नाही. म्हणून साधन निवडण्याआधी ही भिंत का घसरते हे पाहणे सोयीचे ठरते.

नळी वाकली की बाकाच्या बाहेरच्या अंगाची भिंत ताणली जाते आणि आतल्या अंगाची दाबली जाते. ताणलेली भिंत जवळची वाट धरू पाहते, म्हणजे नळीच्या मध्याकडे सरकते. दाबलेल्या भिंतीला बाकाच्या केंद्रापासून दूर जायचे असते, आणि ती दिशाही नळीच्या मध्याकडेच असते. दोन्ही बाजूंनी असा रेटा आल्यामुळे गोल छेद लंबवर्तुळाकार होतो, आणि चपटी झालेली नळी वाकायला आणखी सोपी होते. हे गणित ब्राझियर या संशोधकाने 1927 मध्ये मांडले. लवचीक मर्यादेत, म्हणजे जोर काढताच पुन्हा सरळ होईल इतपत, वाकणाऱ्या लांब, पातळ नळीची त्रिज्या बाकाच्या दिशेने सुमारे 2/9 इतकी घटली, की तिला वाकवायला लागणारा जोर कमाल पातळीला पोहोचतो आणि त्यापुढे तो उतरू लागतो. देठ अचानक का मोडतो, याचे उत्तर या उतरणीत आहे. धातूची नळी कायमची वाकवताना आकडे बदलतात, पण घडण्याचा क्रम हाच राहतो.

काम हाती घेण्यापूर्वी तीन मापे कागदावर लिहावीत: नळीचा बाहेरचा व्यास, भिंतीची जाडी आणि बाकाची त्रिज्या. ही त्रिज्या नळीच्या मध्यरेषेपर्यंत मोजतात. बाहेरच्या भिंतीला किती ताणावे लागेल याचा अंदाज पहिल्या आणि तिसऱ्या मापावरून मिळतो; नळीच्या निम्म्या व्यासाला बाकाच्या त्रिज्येने भागले की झाले. 25 मि.मी. व्यासाची नळी 75 मि.मी. त्रिज्येत, म्हणजे व्यासाच्या तिप्पट त्रिज्येत वळवायची असेल, तर 12.5 भागिले 75, म्हणजे जवळपास 17 टक्के ताण येतो, आणि 1.2 मि.मी. जाडीची भिंत बाहेरच्या अंगाला 1 मि.मी.च्या आसपास उतरते. चांगले नरम पोलाद एवढा ताण सहसा निभावून नेते. 304 दर्जाचे स्टेनलेस स्टील तर याच्या दुप्पट ताणले तरी तुटत नाही. त्याची अडचण वेगळी आहे, ती पुढे येईलच. खिडक्या आणि चौकटींसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या 6063 या अ‍ॅल्युमिनियमच्या टी-6, म्हणजे उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेल्या, अवस्थेतील नळीला मात्र 10 टक्क्यांच्या आसपासच ताण झेपतो. ती याच त्रिज्येत वळवली तर साधन कितीही महागाचे असो, बाहेरच्या अंगाला तडा जाण्याची शक्यता दाट असते. तिच्यासाठी व्यासाच्या सहापट त्रिज्या धरावी, किंवा मुळात नरम अवस्थेतील नळी मागून घ्यावी.

दुसरे माप जाडीचे. फॅब्रिकेशनच्या दुकानात ते गेजमध्ये सांगतात: 16 गेज म्हणजे साधारण 1.6 मि.मी. आणि 18 गेज म्हणजे 1.2 मि.मी.; आकडा वाढतो तशी जाडी कमी होते, हे नवख्याने ध्यानात ठेवावे. व्यासाला जाडीने भागल्यावर येणारी संख्या जितकी मोठी, तितकी भिंत आत घसरायला उत्सुक. 25 मि.मी.च्या 18 गेज नळीसाठी ही संख्या 21 च्या आसपास येते, 16 गेजसाठी ती 16 च्या जवळ असते, आणि पाण्याच्या अर्ध्या इंची बी-क्लास (मध्यम जाडीच्या) जी.आय., म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी, पाइपसाठी जेमतेम 8. म्हणूनच प्लंबरचा पाइप साध्या साधनावर बिनतक्रार वळतो आणि त्याच साधनावर खुर्चीची पातळ नळी चेपते. दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो.

चपटेपणाविषयी एक समजूत येथे दुरुस्त करायला हवी. छेद थोडासा लंबवर्तुळाकार झाला की आतला प्रवाह फार अडतो, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात एक व्यास 10 टक्के घटला आणि दुसरा तितकाच वाढला, तर छेदाचे क्षेत्रफळ केवळ 1 टक्का कमी होते. खरी हानी ताकदीची असते. चपटी जागा पुढच्या भाराला लवकर वाकते. शिवाय आत दाब असणाऱ्या नळीत लंबवर्तुळ दर वेळी गोल होऊ पाहते, दाब उतरला की पुन्हा चपटे होते, आणि या उघडझापीने धातू थकून कालांतराने चिरतो. घडी पडलेल्या नळीचा मात्र विचारच करू नये. ती ठोकून गोल केली तरी आतली चीर तशीच राहते.

आता साधनांकडे. सर्वांत स्वस्त साधन म्हणजे वाकवण्याची स्प्रिंग. ती नळीच्या आत सरकवतात किंवा बाहेरून चढवतात. तिचे वेटोळे भिंतीला जागोजागी आधार देतात आणि बाक गुडघ्यावरही देता येतो. वायरी ओवण्याची पीव्हीसी नळी (कंड्युट) वाकवताना वायरमन हीच युक्ती वापरतात. नरम तांब्याच्या बारीक नळ्यांना आणि मोठ्या त्रिज्येच्या बाकांना ती पुरते. आतली स्प्रिंग पुष्कळदा अडकते, म्हणून तिला आधीच तेल लावावे, टोकाला मजबूत दोरी बांधावी, बाक हवा त्यापेक्षा किंचित जास्त देऊन मग थोडा उघडावा, आणि वेटोळी आवळली जातील अशा दिशेने स्प्रिंग पिळत बाहेर काढावी.

तांब्यासाठी खरे समाधान देते ते हातातले लीव्हर बेंडर. त्यात नळीच्या मापाची अर्धगोल खाच असलेली चकती असते, तिच्यावर अंश कोरलेले असतात, एक हुक नळीला मागून धरतो आणि दुसऱ्या दांड्यावरची सरकती खाच नळीला चकतीभोवती लपेटत नेते. भिंत चारही बाजूंनी खाचेत बसलेली असल्याने तिला फुगायलाही जागा उरत नाही. मात्र खाच आणि नळी यांचे माप काटेकोर जुळले पाहिजे. एसीच्या नळ्या 6.35, 9.52, 12.7 आणि 15.88 मि.मी. अशा इंची मापांत येतात, 12.7 ची नळी 15 मि.मी.च्या खाचेत ठेवली की दोन्ही बाजूंना सुटलेली एक मि.मी.हून थोडी जास्त फट चपटेपणाला आमंत्रण देते.

पोलादी नळी म्हटली की पुष्कळांचे पाऊल हायड्रॉलिक पाइप बेंडरकडे वळते, आणि माझ्या मते घरगुती कामासाठी सर्वाधिक गैरसमजातून घेतले जाणारे यंत्र तेच आहे. त्याचा जॅक दहा-बारा टनांचा रेटा देतो, हा आकडा ऐकून माणूस भारावतो. पण पातळ नळीच्या बाबतीत जोर कधीच अपुरा पडत नाही, आधार अपुरा पडतो. या यंत्रात दोन बाजूंना दोन रोलर आणि मधून पुढे सरकणारी डाय, म्हणजे खाच असलेला साचा, असतो. आतल्या अंगाला डाय आहे, बाहेरच्या अंगाला बाकाच्या जागी काहीच नाही. त्यामुळे जाड पाइप ठीक वळतो आणि पातळ नळी चेपते. त्यात मापांचा घोळ असतो तो वेगळाच. या डाय पाण्याच्या पाइपच्या नाममात्र मापाने ओळखल्या जातात. अर्धा इंची म्हटल्या जाणाऱ्या पाइपचा बाहेरचा व्यास प्रत्यक्षात 21.3 मि.मी. असतो आणि पाऊण इंचीचा 26.9 मि.मी. उलट फर्निचरची पाऊण इंची नळी बाहेरून खरोखरच 19 मि.मी. असते. नावावर भरवसा ठेवून ती पाऊण इंची डायमध्ये ठेवली, तर तिच्याभोवती जवळजवळ 8 मि.मी. जागा मोकळी राहते. यंत्र विकत घेण्यापूर्वी खाच व्हर्नियरने (बारीक मापे घेणाऱ्या सरकत्या मोजपट्टीने) मोजून पाहणे हाच यावरचा उपाय.

मांडवाची कमान, हरितगृहाचा सांगाडा असे मोठ्या त्रिज्येचे काम असेल, तर तीन रोलरचे यंत्र चांगले. नळी पुढे-मागे फिरवत मधला रोलर दर फेरीला थोडा आवळायचा; ताण लहान असल्याने चेपण्याचा धोका कमी, परंतु दोन्ही टोकांचा थोडा भाग सरळच राहतो, म्हणून नळी लांब घेऊन टोके नंतर कापावीत. एखाद-दुसऱ्या कामासाठी जाड प्लायवूडची चकती कापून तिच्या कडेला निम्म्या व्यासाइतकी खोल खाच पाडली, तरी अ‍ॅल्युमिनियम व तांब्यासाठी कामचलाऊ साचा तयार होतो.

बाहेरून आधार देणे जमत नसेल, तेव्हा पोकळीच भरून टाकायची. वाळू हा त्यातला सर्वांत जुना आणि आजही भरवशाचा मार्ग. बारीक वाळू चाळून कढईत खणखणीत भाजून घ्यावी, एका टोकाला लाकडी गुल्ली ठोकून नळी उभी धरावी, थोडी थोडी वाळू ओतत बाहेरून ठोकत राहावे आणि भरल्यावर दुसरी गुल्ली घट्ट बसवावी. वाळू सैल राहिली तर तिचा उपयोग शून्य. ती ओलसर राहिली आणि नळी तापवली, तर वाफेचा दाब गुल्लीला गोळीसारखा उडवू शकतो. म्हणून तापवायचे असल्यास एका गुल्लीला बारीक छिद्र ठेवावेच. पितळी वाद्ये बनवणारे कारागीर साबणाचे पाणी नळीत गोठवूनही बाक देतात. सुमारे 70 अंशांना वितळणारा वुड्स मेटल हा मिश्रधातूही भरायला उत्तम असतो, पण त्यात शिसे आणि कॅडमियम असल्याने स्वयंपाकघराच्या आसपास त्याला जागा देऊ नये. एसीच्या नळीत यातले काहीही भरू नये, कारण वाळूचा एक कण कॉम्प्रेसरला पुरेसा असतो.

उष्णतेचा वापर धातू ओळखून करावा लागतो. तांबे वाकवताना कडक होत जाते, कारण त्याच्या स्फटिकांतले दोष वाढून एकमेकांत अडकतात. मंद लाल होईपर्यंत तापवले की नवे, निर्दोष स्फटिक तयार होतात आणि तांबे पुन्हा नरम पडते. पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर भांडे घडवताना ते पुन्हा पुन्हा भट्टीत घालतात ते यासाठीच. पोलादासारखे तांबे पाण्यात बुडवल्याने कडक होत नाही, हे आणखी सोयीचे. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळते आणि त्याआधी लाल दिसतच नाही, त्यामुळे डोळ्यांवर विसंबणारा माणूस नळी गमावून बसतो. जुने कारागीर तिच्यावर साबणाची रेघ ओढतात आणि ती काळपट तपकिरी झाली की ज्योत बाजूला करतात. टी-6 नळीची ताकद मात्र या तापवण्याने निघून जाते आणि थंड झाल्यावर परत येत नाही. पोलाद एक तर थंड वाकवावे, नाहीतर पूर्ण लाल करून. निळसर झाक येते त्या 200 ते 350 अंशांच्या पट्ट्यात ते अधिक ठिसूळ असते. जी.आय. पाइप तर तापवूच नये. त्यावरच्या जस्ताचा पांढरा धूर श्वासात गेला की काही तासांत थंडी वाजून ताप भरतो.

जोर काढून घेतला की नळी थोडी परत उघडते, कारण मधल्या भागातला धातू लवचीक मर्यादेतच राहिलेला असतो आणि तो बाकीच्या धातूला मागे खेचतो. धातू जितका कणखर आणि त्रिज्या जितकी मोठी, तितके हे उघडणे जास्त. स्टेनलेस स्टीलची अडचण म्हणतात ती ही. ते वाकताना झपाट्याने कडक होते आणि पोलादापेक्षा बरेच जास्त उघडते. किती अंश जास्त वाकवायचे याचे कोष्टक शोधण्यापेक्षा त्याच नळीचा तुकडा वाकवून मोजावा, कारण दोन गठ्ठ्यांतल्या नळ्याही सारख्या वागत नाहीत. लांबीचा हिशेबही आधीच करावा. 75 मि.मी. त्रिज्येचा काटकोनी बाक 118 मि.मी. नळी खातो, तर कोपऱ्यापर्यंत मोजलेल्या दोन सरळ बाजू मिळून तेथे 150 मि.मी. भरतात, म्हणजे प्रत्येक बाकामागे 32 मि.मी. नळी कमी लागते आणि चार बाकांच्या चौकटीत हा फरक 128 मि.मी. होतो.

जोडाची रेघ असलेली नळी साच्यात ठेवताना ती रेघ ना आतल्या अंगाला, ना बाहेरच्या. वर किंवा खाली, जिथे ताणही नाही आणि दाबही नाही, तिथे यावी. बाक दिल्यावर त्याच्या मधोमध व्हर्नियर लावून सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान व्यास मोजावा व त्यांतला फरक मूळ व्यासाच्या 10 टक्क्यांहून जास्त भरला तर तो तुकडा भार पेलणाऱ्या कामात वापरू नये. व्यास आणि जाडीचे गुणोत्तर वीसच्या वर असून त्रिज्या व्यासाच्या दुपटीइतकीच हवी असेल, तर नळीच्या आत मँड्रेल, म्हणजे भिंतीला आतून आधार देणारा दांडा, ठेवून ओढत वळवणारे यंत्र लागते, आणि ते घरी नसते. वर्कशॉपमध्ये जाताना तिन्ही मापे, धातूचा दर्जा आणि बाकाचा कोन लिहून न्यावे, आणि त्रिज्या मध्यरेषेची आहे की आतल्या कडेची, हे आवर्जून सांगावे.