कॉर्ड्स दिसले, पण ट्यूब जाईना: व्हिडिओ लॅरिंगोस्कोपची मागची गोष्ट

पेशंटच्या श्वासनळीत ट्यूब घालताना आत बघायला जे यंत्र वापरतात ते लॅरिंगोस्कोप, त्याला कॅमेरा आणि स्क्रीन जोडली की व्हिडिओ लॅरिंगोस्कोप. घशात डोकावायची गोष्ट बहुतेकदा डॉक्टरपासून नाही, एका गाण्याच्या मास्तरपासून सांगतात. मॅन्युएल गार्सिया, १८५४ साली, तोंडात छोटा आरसा धरून उन्हाच्या उजेडात त्याने स्वतःचेच कॉर्ड्स (स्वरतंतू) बघितले. मग १८९५ ला बर्लिनचा किर्स्टाइन आरसा न वापरता थेट आत बघायला लागला, आणि १९४३ ला ऑक्सफर्डच्या मॅकिन्टॉशने वाकडं ब्लेड (लॅरिंगोस्कोपची तोंडात घालायची पट्टी) आणलं, जिभेच्या मुळाशी टोक टेकवून उचललं की एपिग्लॉटिस, म्हणजे श्वासनळीवरचं झाकण, आपसूक वर येते. तेच ब्लेड आजही प्रत्येक ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) ट्रॉलीवर असतं.

पण त्यात एक गोची होती. दात ते कॉर्ड्स एका रेषेत आणायचे म्हणजे हाताला सवय व्हावी लागते, ९० टक्के यश यायला साधारण ५७ इंट्युबेशन (ट्यूब घालणं) करावी लागतात असं १९९८ च्या एका अभ्यासात निघालं होतं. आणि आत काय दिसतंय हे फक्त रेसिडेंटलाच (शिकाऊ डॉक्टरलाच) माहीत, मागे उभे सर नुसते विचारणार, "दिसतंय का रे?", आणि घाबरलेला पोरगा दिसो न दिसो, "हो सर" म्हणणार!

२००१ च्या सुमारास कॅनडाचे सर्जन जॉन पेसी यांनी ग्लाइडस्कोप आणला, ब्लेडच्या टोकाजवळ कॅमेरा आणि जवळपास ६० अंशांचा बाक, म्हणजे रेषेची भानगडच संपली. मग एअरट्रॅक, पेंटॅक्स, मॅकग्राथ, सी-मॅक अशा यंत्रांची रांगच लागली आणि कुठलं भारी यावर ढीगभर अभ्यास झाले. त्यातले बरेचसे मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर), आता प्लॅस्टिकच्या घशात ना रक्त ना उलटी, त्यामुळे मी तरी ते जरा हातचं राखूनच वाचतो.

खऱ्या पेशंटवरचे निकाल मजेशीर आहेत. २०१७ मध्ये फ्रान्समधल्या आयसीयूंमध्ये ३७१ पेशंट घेतले, ट्यूब टाकणारे बहुतेक नवखे, आणि पहिल्या प्रयत्नाचं यश व्हिडिओने ६७.७ तर साध्या मॅकिन्टॉशने ७०.३ टक्के, म्हणजे काहीच फायदा नाही. व्हिडिओवाल्यांना कॉर्ड्स छान दिसत होते पण ट्यूब आत जात नव्हती, कारण कॅमेरा कोपऱ्यापलीकडचं दाखवतो, ट्यूबला मात्र तो कोपरा वळूनच जायला लागतं. मग २०२३ ला अमेरिकेत १४१७ पेशंट, इथेही ट्यूब टाकणारे बहुतेक रेसिडेंट आणि फेलोच (पुढचं प्रशिक्षण घेणारे डॉक्टर), आणि पहिल्या प्रयत्नाचं यश ८५.१ विरुद्ध ७०.८ टक्के, व्हिडिओ सरळ पुढे.

म्हणून नवख्याच्या हातात कुठलं ब्लेड द्यायचं हा मला जास्त कामाचा प्रश्न वाटतो. जास्त वाकड्या ब्लेडला तसंच वाकवलेलं स्टायलेट (ट्यूबला आकार देणारी आतली तार) हवंच, आणि ते ब्लेड घालून थेट बघायला जमतच नाही. सी-मॅक, मॅकग्राथचं मॅकिन्टॉशच्या आकाराचं ब्लेड असलं की रेसिडेंट जुन्या पद्धतीने तोंडात बघून शिकतो आणि सर स्क्रीनकडे बघून म्हणतात, "अजून थोडं उचल, आता घाल".