जीनोटायपिंगमधील गुणनियंत्रण

हजारो व्यक्तींच्या डीएनएतील लाखो ठरावीक जागा (स्निप) चिपवर एकदम वाचल्यानंतर, अविश्वसनीय जागा व नमुने विश्लेषणापूर्वी वगळण्याची पद्धती. सुमारे ९५ ते ९८ टक्क्यांपेक्षा कमी वाचले गेलेले नमुने, अतिदुर्मिळ स्निप आणि नोंदलेले लिंग व एक्स गुणसूत्र यांतील विसंगती हे चाळणीचे नेहमीचे टप्पे होत. शतायुषी व्यक्तींविषयी ‘सायन्स’मध्ये २०१० साली आलेला निबंध चिपमधील तांत्रिक दोष व अपुरे गुणनियंत्रण यांमुळे लेखकांनी २०११ मध्ये मागे घेतला.

मतभेद आहेत ते मुख्यतः हार्डी-वाइनबर्ग कसोटीविषयी. स्वैर (नाते वा गट न पाहता) विवाह होणाऱ्या मोठ्या समूहात जनुकविधांचे (एका जागेवरील दोन प्रतींच्या जोड्यांचे) प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या स्थिर राहते, हा तिचा आधार. केंब्रिजचे गणिती हार्डी (रामानुजन यांना इंग्लंडला बोलावणारे तेच) व श्टुटगार्टचे वैद्य वाइनबर्ग यांनी १९०८ मध्ये तो स्वतंत्रपणे मांडला. वाइनबर्ग यांचे व्याख्यान जानेवारीतले, हार्डी यांचे टिपण जुलैतले. तरी १९४३ मध्ये जनुकशास्त्रज्ञ कुर्ट श्टेर्न यांनी लक्ष वेधेपर्यंत इंग्रजी ग्रंथांत हार्डी यांचेच नाव चाले. जनुकशास्त्रज्ञ कॅसल यांनी १९०३ मध्येच या नियमाचे एक विशेष रूप दिल्याने काही लेखक त्यांचेही नाव जोडतात. येथे रूढ जोडनाव ठेवले आहे. एखाद्या स्निपमध्ये या अपेक्षित प्रमाणापासून दिसलेले विचलन योगायोगाने येण्याची संभाव्यता १० लाखांत १ हून कमी भरल्यास तो स्निप सामान्यतः बाद करतात.

ही मर्यादा सोलापूरसारख्या ठिकाणी जशीच्या तशी लावणे सयुक्तिक वाटत नाही. शहरात मराठी, कन्नड व तेलुगू भाषक (त्यांत पद्मशाली विणकर) शेजारी राहतात, पण विवाह बहुधा जातीतच होतात. असे गट एकत्र मोजले की विषमयुग्मजी (एका जागेवर दोन भिन्न रूपे असलेल्या व्यक्ती) अपेक्षेपेक्षा कमी दिसतात. हा परिणाम स्वीडिश संशोधक वालुंड यांनी १९२८ मध्ये दाखविला. शिवाय इरावती कर्वे यांनी महाराष्ट्र उत्तर व दक्षिण आप्तसंबंध पद्धतींच्या मधल्या पट्ट्यात गणला आहे. मामेबहिणीशी विवाह येथे अनेक जातींत चालतो, तर मामा-भाचीचा विवाह तेलुगू व कन्नड समाजांत परंपरेने मान्य आहे. पहिल्या प्रकारात संततीचा अंतःप्रजनन गुणांक (एका जागेवरील दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आल्याची संभाव्यता) १/१६, दुसऱ्यात १/८. काय-वर्ग मूल्य (विचलन किती मोठे ते दाखविणारा कसोटीचा आकडा) नमुन्यांची संख्या गुणिले गुणांकाचा वर्ग इतके येते. म्हणजे २,००० नमुने आणि गुणांक १/८ असल्यास ते सुमारे ३१ भरते, म्हणजे वरील मर्यादा ओलांडली जाते, आणि निर्दोष स्निपही बाद होतो. चिपची चूकही पुष्कळदा विषमयुग्मजींची तूटच दाखविते, ही खरी अडचण. मात्र चूक एखाद्या स्निपपुरती असते, विवाहपद्धतीचा ठसा सर्व स्निपांवर सारखा उमटतो; म्हणून कसोटी गटवार लावून मर्यादा सर्वसाधारण तुटीच्या तुलनेत ठरविणे अधिक ग्राह्य होय. जवळचे नातेवाईक वगळण्याच्या नियमालाही हेच लागू पडते, अन्यथा नमुनाच फारसा उरत नाही.

वनस्पतींत, विशेषतः डाळिंबात, प्रश्न निराळा. सोलापूर येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र (२००५) आहे. डाळिंबाची लागवड गुटी कलमांनी होत असल्याने बागेतील झाडे बहुधा एकाच झाडाच्या प्रती असतात, आणि भगवा हे वाण शेंदरी, मस्तानी, अष्टगंध अशा नावांनीही ओळखले जाते. मानवी नमुन्यांत जुळी वाचने निघाली की नळ्यांची अदलाबदल झाल्याचा संशय घेतात. येथे वेगळ्या नावांखालची जुळी वाचने हाच निष्कर्ष असू शकतो. एकाच झाडाची दोन पाने वाचून जी तफावत येते, तिच्यावरून वाचनातील चुकीच्या प्रमाणाचा अंदाज बांधता येतो.