आभा आणि आरोग्य नोंदींची देवाणघेवाण

रुग्णाच्या नोंदी एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात त्याच्या संमतीने पोचवणारी भारतातील व्यवस्था म्हणजे आयुष्मान भारत डिजिटल मिशन. ती राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण चालवते. १५ ऑगस्ट २०२० रोजी सहा केंद्रशासित प्रदेशांत प्रायोगिक सुरुवात झाली आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून ती देशभर लागू झाली. सहभाग ऐच्छिक आहे.

सगळ्यांच्या नोंदी सरकारच्या एका संगणकात जमा होतात, हा या योजनेबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज. केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड जिथे तयार झाले तिथेच राहतात. मध्यवर्ती पातळीवर असतात ते रुग्णांचे १४ अंकी आभा (आयुष्मान भारत आरोग्य खाते) क्रमांक, डॉक्टर आणि रुग्णालयांच्या नोंदवह्या, आणि निरोप इकडून तिकडे नेणारे गेटवे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा तिथले कामकाज कित्येक दिवस कागदावर करावे लागले. सारे एका जागी साठवण्यातली जोखीम त्यातून कळते. मात्र नोंदी विखुरलेल्या ठेवल्या की त्या जपण्याचा भार गल्लीतल्या लॅबवरही येतो, आणि तिथे संगणकाचा पासवर्ड अनेकदा मॉनिटरलाच चिकटवलेला असतो.

समजा, सोनोग्राफी सांगलीत झाली आणि उपचार पुण्यात चालू आहेत. पुण्याच्या डॉक्टरांची मागणी रुग्णाच्या मोबाइलवरील अ‍ॅपमध्ये येते. कोण मागतो आहे, कशासाठी, कोणत्या प्रकारच्या नोंदी, कोणत्या तारखांच्या आणि किती मुदतीपर्यंत, एवढे सगळे त्यात असते. रुग्ण तारखा कमी करू शकतो, काही प्रकार वगळू शकतो, नंतर संमती मागेही घेऊ शकतो. होकार मिळाला की सांगलीचे केंद्र नोंद कूटबद्ध (एन्क्रिप्ट) करून पाठवते. त्यासाठीची किल्ली दर देवाणघेवाणीला नवी बनते आणि गेटवेला मजकूर वाचता येत नाही. घेणाऱ्याने नोंद कधी पुसायची, ती तारीखही संमतीतच लिहिलेली असते.

घोडे अडते ते त्याआधी, जुन्या नोंदी आभाशी जोडताना. रुग्णाच्या जुन्या नोंदींचा शोध मोबाइल क्रमांक, नाव, लिंग आणि जन्मवर्ष यांवर चालतो. घरातल्या सगळ्यांच्या कागदांवर थोरल्या मुलाचाच नंबर, आजीचे नाव एकीकडे लक्ष्मी तर दुसरीकडे लक्ष्मीबाई, आणि जन्मवर्ष अंदाजे. मग जुळवणी कशी व्हायची? नोंदींसाठी एफएचआयआर हे आरोग्य माहितीच्या देवाणघेवाणीचे आंतरराष्ट्रीय प्रमाण स्वीकारले आहे, पण कागदाचे स्कॅनही त्यात बसवता येते. असा रिपोर्ट पोचतो खरा. मात्र त्यातून पाच वर्षांच्या साखरेचा आलेख आपोआप निघत नाही.

बऱ्याच लोकांना आभा ठाऊक आहे ती ओपीडीच्या रांगेमुळे. क्यूआर कोड स्कॅन केला की नाव-पत्ता नोंदणी खिडकीवर जातो आणि टोकन मिळते. ही सोय ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांपासून सुरू झाली. त्यात आजाराची माहिती पाठवली जात नाही.

संमतीबद्दलची शंका जुनी आहे. २०२१ च्या कोविड लसीकरणात आधार दाखवणाऱ्या अनेकांचे आरोग्य क्रमांक (म्हणजे आताचे आभा क्रमांक) न विचारताच तयार झाल्याच्या तक्रारी होत्या. योजनेचे आरोग्य विदा (डेटा) व्यवस्थापन धोरण डिसेंबर २०२० चे, म्हणजे त्याआधीचेच. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत वैद्यकीय नोंदी 'संवेदनशील' गटात होत्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने असा वेगळा गट ठेवलेला नाही.