कुंद्याचा रंग, चॉकलेटचा वास

बेळगावच्या कुंद्याला तो तांबूस रंग आणि खमंग वास येतो आटवण्यातून. दूध आटत आलं की त्यातली प्रथिनं आणि साखर उष्णतेने एकमेकांशी संयोग पावतात आणि वासाचे शेकडो नवे पदार्थ जन्माला येतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई मायार यांनी १९१२ साली या क्रियेचं वर्णन केलं, म्हणून ती मायार अभिक्रिया. भाकरीवरचे खरपूस डाग, भाजल्या शेंगदाण्याचा घमघमाट, ही तिचीच करणी. आणि चॉकलेटचा वासही.

पण चॉकलेटचं काम कुंद्याहून बिकट. कोकोचं फळ फणसासारखं थेट खोडाला लागतं. आत पांढऱ्या, आंबटगोड गरात तीस-चाळीस बिया. कच्ची बी कडू, तुरट. ती नुसती भाजली तरी चॉकलेटचा वास येत नाही! या साऱ्या प्रवासात मला सर्वांत नवल वाटतं ते याचं.

त्यासाठी बिया आधी आंबवाव्या लागतात. गरासकट त्यांचा ढीग घालायचा, वर केळीची पानं पांघरायची आणि पाच-सहा दिवस ठेवायचं. दिसायला आंब्याची अढी, पण आतलं काम इडलीच्या पिठासारखं. यीस्ट गरातल्या साखरेचा अल्कोहोल करतं, जिवाणू त्याचं ॲसेटिक आम्ल करतात, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल. ढीग ४५ ते ५० अंशांपर्यंत तापतो. बीतला अंकुर मरतो, पेशी फुटतात, मोठी प्रथिनं तुटून लहान होतात, साखरही तुटते. मायार अभिक्रियेला लागणारा शिधा असा बीच्या पोटातच तयार होतो. मग वाळवण, आणि त्यानंतर भट्टी.

इक्वेडोरमध्ये सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या भांड्यांत कोकोचे अंश सापडले आहेत. पुढे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले माया आणि ॲझ्टेक लोक भाजलेल्या बिया दगडावर वाटून, मिरची घालून, फेसाळ पेय करत. त्यांचा तो दगड, मेटाटे, पाहिला की आपला पाटाच आठवतो. ॲझ्टेकांच्या बाजारात तर या बिया नाण्यांसारख्या चालत. स्पॅनिश लोकांमार्फत पेय युरोपात गेलं, तिथे त्यात साखर पडली. १८२८ मध्ये नेदरलँड्सच्या व्हॅन हौटेन यांच्या दाबयंत्राने बियांतली चरबी वेगळी काढता येऊ लागली. ही चरबी म्हणजे कोकोचं लोणी. तेच परत घालून १८४७ मध्ये इंग्लंडच्या फ्राय कंपनीने खायची वडी बनवली. दुधाचं चॉकलेट १८७५ चं, स्वित्झर्लंडच्या डॅनियल पीटर यांचं.

वाटणं तासन्‌तास चालतं, कण इतके बारीक व्हावे लागतात की जिभेला रवाळ लागू नये. आज जगभरातले कितीतरी छोटे चॉकलेट कारागीर यासाठी दगडी ग्राइंडर वापरतात. त्याचं मूळ आपल्या इडली-डोशाचं पीठ वाटणाऱ्या ग्राइंडरमध्ये आहे. मला याचा मनापासून अभिमान वाटतो. कोकोही काही परका राहिलेला नाही. आपल्याच कर्नाटक राज्यात, दक्षिण कन्नड जिल्ह्यात सुपारीच्या बागांत तो पिकतो, आणि पुत्तूरला कॅम्पको या सुपारी-कोको बागायतदारांच्या सहकारी संस्थेचा चॉकलेट कारखाना १९८६ पासून आहे.

उरला प्रश्न उन्हाळ्याचा. गोव्याहून चोर्ला घाटाने आणलेलं चॉकलेट एप्रिलात पिशवीतच मऊ होतं आणि पुन्हा घट्ट झालं की त्यावर पांढरट थर दिसतो. कोकोचं लोणी सहा प्रकारे गोठू शकतं. त्यातला हवा तो एकच प्रकार, कडक मोडणारा, चकाकणारा आणि ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे तोंडात गेल्यावर विरघळणारा. कारखान्यात चॉकलेट तापवून, निववून, पुन्हा किंचित तापवून तो मिळवतात. आपल्या पिशवीत ती शिस्त कुठली? चॉकलेट मनाला येईल तसं गोठतं आणि चरबी पृष्ठभागावर येते. घरातली माणसं बुरशी समजून ते टाकून देतात. ती चरबीच असते. असा तुकडा गरम दुधात ढवळून मुलांना द्यावा.